आधी शेळीला घास

मी एक म्हातारी शेळी आहे. आधीच सांगते मित्रांनो, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. पाला धरलेला हात पुढे आला की मी आधी दुसरा हात कुठे आहे ते पाहते.

माझा जन्म दिंडोरीकडचा. मालक देवराम आम्हांला द्राक्षबागांच्या बांधावर चारायचा. मी करडू असताना माझ्या आईने फवारलेल्या बागेतला पाला खाल्ला आणि संध्याकाळपर्यंत ती गेली. तेव्हापासून हुंगल्याशिवाय मी कशालाच तोंड लावत नाही.

पुढे मी भरपूर दूध दिले. देवराम येईल-जाईल त्याला माझे कौतुक सांगे. मग दूध आटले आणि कौतुकही आटले. अशात एके दिवशी त्याने मला आंघोळ घातली, खुरे तासली आणि टेम्पोत चढवले. भाकड शेळीचे अचानक लाड झाले की टेम्पो कुठे जातो, हे आमच्यात करडालाही ठाऊक असते.

पण टेम्पो थांबला पंचवटीत, म्हाताऱ्या माणसांच्या एका केंद्रात. तिथली माणसे स्मृतिभ्रंशाने हळूहळू सगळे विसरत चालली होती. जनावराला कुरवाळले, चारा घातला की त्यांचे मन शांत होते, हा एक उपचारच आहे, असे केंद्र सांभाळणारी नाझिया सर्वांना सांगे. मला ते पटले नाही. फुकट पाला कोण घालतो?

तिथे माझ्याहून संशयी बाई भेटली. चिमणाबाई. जन्मभर द्राक्षबागांत मजुरी केलेली. ती घास तोंडात घेईना. घेतला तर थुंकून टाकी. असेच चालले तर नाकातून नळी घालावी लागेल, असे डॉक्टर म्हणाले होते. तिचा मुलगा पुंजा दर भेटीला हात जोडून उभा राही.

नाझिया लाडाने म्हणे, “आजी, चार घास खा, मग औषध घ्यायचंय.”

चिमणाबाई ओठ घट्ट मिटून घेई. एकदा मात्र ती माझ्या कानाशी पुटपुटली, “लेकी, ह्या मला औषध पाजाया बसल्यात.” पुंजाने ते ऐकले आणि तो नाझियाकडे वळला.

“मॅडम, आमच्याकडं औषध म्हंजे फवाऱ्याच्या पंपातलं,” तो म्हणाला. “अमकी औषध प्याली म्हंजे ती मेली.”

त्या दिवसापासून केंद्रात तो शब्द बंद झाला. सगळे ‘गोळी’ म्हणू लागले. तरी चिमणाबाईचा संशय काही जाईना. एका दुपारी तिने भाकरीचा तुकडा माझ्या नाकापुढे धरला. “आधी तू खा.”

मी हुंगले. बाजरीच्या वासाखाली काहीतरी कडू होते. मी तोंड फिरवले.

“बघा, शेळीनं बी वळखलं,” म्हणत तिने ताट ढकलून दिले.

नाझियाचा चेहरा उतरला. कुणी विचारले नव्हते, तरी ती चिमणाबाईसमोर खाली बसली. “आजी, मीच गोळी चुरून घातली होती. चुकलं माझं.”

मग तिने नवी भाकरी आणली, सर्वांदेखत मोडली, एक तुकडा स्वतः खाल्ला. गोळी वेगळी, वाटीत ठेवली. मी पुन्हा हुंगले. नुसती बाजरी होती. मी खाल्ली. चिमणाबाई माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मी पडते की काय, याचीच ती वाट पाहत होती. मी पडले नाही. तेव्हा तिने तुकडा तोंडात घातला आणि चावून गिळला. पुंजा भिंतीकडे तोंड करून रडला.

गोळी ती कधी घेते, कधी नाही. पण जेवते. मला ती रोज विसरते, रोज नव्याने संशय घेते आणि रोज पहिला घास माझ्यापुढे धरते.

मित्रांनो, तुमच्या घरी असे विसरणारे माणूस असेल, तर त्याला फसवून भरवू नका. समोर बसा, आधी स्वतः खाऊन दाखवा. मला विचाराल तर चिमणाबाईवर माझा जीव जडला आहे. तिच्या हातचे मी डोळे मिटून खाईन. पण तसे करत नाही. ती माझ्या नाकाकडे बघत असते, म्हणून प्रत्येक घास मी नीट हुंगते.