दोन बोटांचा धडा

माझ्या उजव्या हाताला दोन बोटं कमी. एक शिवडीच्या खाडीत खेकड्याने नेलं, दुसरं त्याच्या बायकोने मागून घेतलं, असं मी सांगायचो. लोक हसायचे, चहा पाजायचे.

सत्तावन्न साली गिरणी सोडून मी दादरच्या एका नव्या इंजिनिअरिंग कॉलेजात वर्कशॉपला लागलो. तिथले शामराव सर पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम नव्याने बांधत होते. गणित, पदार्थविज्ञान, ड्रॉइंग, वर्कशॉप यांच्या वेगवेगळ्या चुली त्यांना नको होत्या. लोखंड फिरवून कातायचा एकच लेथ घ्यायचा, सगळं त्याच्यावरून शिकवायचं.

"गुणाजी, सुरुवात तुमच्या बोटांपासून," ते म्हणाले. "खरं काय झालं ते तुम्ही सांगा. लेथचे फेरे, झटक्याचा जोर मी मांडतो. पोरं त्यावरून लेथच्या फिरत्या भागावर बसवायच्या झाकणाचं ड्रॉइंग काढतील, तुमच्याकडे ते बनवतील."

खरं मी त्यांना एकट्यालाच सांगितलं होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, लेथला घातलेली झेंडूची माळ आम्ही हाताने काढत नाही, सुकून पडेल तेव्हा पडेल. तशीच ठेवून मी लेथ चालू केला. माळ निसटली. पूजेची फुलं पायाखाली येऊ नयेत म्हणून झेलायला गेलो. माळेची सुतळी फिरत्या लेथवर गुंडाळली आणि बोटं घेऊन गेली.

पहिल्या तासाला साठ पोरं. लालबागचा रघु अगदी पुढे, त्याच्या चाळीतला पहिलाच इंजिनिअर होणार होता.

"मास्तर, बोटं फ्लोरा फाउंटनच्या गोळीबारात गेली ना?"

साठ जणांचे डोळे माझ्या हातावर. माळेमागे धावलेला येडा फिटर कोण होणार?

"हो रे. गोळी आली, विचारलंन्, किती देतोस? म्हटलं, घे दोन."

'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'ने छपराचे पत्रे थरथरले. शामरावांनी माझी लाज राखली. बाहेर आल्यावर म्हणाले, "उद्या नक्की सांगा."

उद्या, परवा करता करता दसरा आला. खंडेनवमीला पोरांनी लेथ पुजला. माळ रघुने घातली.

सुट्टीनंतर तास सुरू व्हायची वेळ झाली, तेव्हा मी कँटीनमध्ये खेकड्याची गोष्ट रंगवत होतो. वर्कशॉपमधून किंकाळी आली.

इस्पितळात रघुचा उजवा हात मनगटापर्यंतच उरला होता.

"लेथ चालू केला नि माळ पायाखाली यायला लागली, मास्तर," तो म्हणाला. आणि, "चाळीत काय सांगू? गोळी लागली म्हणू?"

"नको," मी म्हटलं, आणि माझ्या बोटांचं सगळं खरं त्याला सांगितलं.

त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग भिंतीकडे तोंड केलं.

"हे पहिल्या तासाला सांगायचं होतं ना?"