दोघांत एक लायसन

बारक्याला पोलिसांनी नेलं, एवढं सगळ्या गल्लीला माहीत होतं. कुठं नेलं हे मात्र एकालाही सांगता येईना, आणि थोरल्याचं डोकं काल संध्याकाळपासून याच एका गोष्टीवरून तापलं होतं. माणूस म्हणजे काय रुमाल आहे हरवायला? आणि बारक्या तर नावालाच बारक्या. दारातून वाकून आत यावं लागतं असा उंच, आवाज असा की दोन घरं पलीकडे कळावं याला चहा हवाय म्हणून. तो सापडत कसा नाही?

दोघे भाऊ घरसामान हलवायचा धंदा करत. टेम्पो एक, भाऊ दोन. काल एका गिऱ्हाइकाचं कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवताना थोरला जिन्याच्या वळणावर कपाटासकट अडकला, आणि खाली कुणाची तरी वाट अडली म्हणून हॉर्नचा नुसता गोंधळ सुरू झाला. "गाडी जरा कोपऱ्यापर्यंत घे रे," असं त्यानं तिथूनच ओरडून सांगितलं. कपाट जागेवर लावून, घाम पुसत खाली येतो तर गाडी नाही आणि बारक्याही नाही. समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा न उचलताच म्हणाला, "पोलिस घेऊन गेले की दोघांना." दोघांना म्हणजे गाडीला आणि बारक्याला.

काय गुन्हा केला, कुणाला धक्का दिला, ते नंतर बघता आलं असतं. खरी धास्ती वेगळीच होती. बारक्याला लहानपणापासून फिट यायच्या. सकाळ-रात्र गोळी घेतली की माणूस ठणठणीत, पण गोळी चुकली की कधी कुठे कोसळेल याचा नेम नाही. मागे एकदा चुकली तेव्हा मोरीत पडून डोकं फुटलं होतं, आणि डॉक्टरांनी थोरल्यालाच फैलावर घेतलं होतं. आता रात्रीची गेली, सकाळचीही गेली. गोळ्यांचं पाकीट आणि डॉक्टरची चिठ्ठी थोरल्याच्या शर्टाच्या खिशात होती. जिथं जाईल तिथं तो खिसा चाचपत होता.

सकाळी पहिल्यांदा तो बाजारातल्या ठाण्यात गेला, कारण तेच जवळचं. टेबलामागे जाड भिंगाचा चष्मा लावलेले हवालदार बसले होते.

"साहेब, काल माझ्या भावाला टेम्पोसकट..."

"नाव?"

"तेच सांगतोय. टेम्पो निळा, मागे शिडी बांधलेली..."

"गाडीचं नाव लिहीत नाही आम्ही इथे. माणसाचं नाव सांगा."

थोरल्यानं बारक्याचं कागदावरचं नाव सांगितलं. हवालदारांनी रजिस्टर ओढलं, वरून खाली बोट फिरवलं, जांभई दिली आणि रजिस्टर मिटलं. "या नावाचा माणूस आमच्याकडे नाही."

"बाकी कुठे असेल?"

"असेल कुठेतरी. नदीपलीकडच्या ठाण्यात बघा."

नदीपलीकडच्या ठाण्यात म्हणाले, ही हद्दच आमची नाही, तुम्हाला इकडे पाठवलं कुणी? थोरल्यानं सांगितलं कुणी ते. तेव्हा तिथले दोघे एकमेकांकडे बघून हसले. त्याला ते हसू मुळीच आवडलं नाही. वाहतूक शाखेत गेला तर तिथे जेवणाची सुट्टी. कंट्रोल रूमला फोन लावला तर एक बाई अतिशय गोड आवाजात सांगत राहिली की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. महत्त्वाचा असता तर उचलला असता ना, असं तो त्या रेकॉर्डवरच्या बाईला भर रस्त्यात सुनावून मोकळा झाला. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. त्यात घरून बायकोचा फोन.

"अहो, सापडले का भावजी?"

"सापडले असते तर मी फोन केला नसता का?"

"माझ्यावर कशाला चिडताय? मी तुरुंगात टाकलंय का त्यांना?"

तेही बरोबरच होतं. पण चिडायला दुसरं हक्काचं माणूस होतं कोण?

शेवटी कुणीतरी म्हणालं, तुरुंगाच्या दाराशी चौकशीची खिडकी आहे, तिथल्या कम्प्युटरवर सगळ्या ठाण्यांची माणसं दिसतात. थोरला बस पकडून तिथे गेला. रांगेत उभं राहून पायाचे तुकडे पडले. खिडकीतल्या बाईंनी हात पुढे केला. "ओळखपत्र."

"माझं कशाला? मला भावाला शोधायचंय."

"शोधणाऱ्याची नोंद आधी करावी लागते."

त्यानं ओळखपत्र दिलं. बाईंनी नंबर घातला, पडद्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं, मग चष्मा पुसून पुन्हा पडद्याकडे.

"तुम्ही इथे कसे आलात?"

"बसनं."

"तसं नाही हो. तुम्ही तर आत आहात."

"आत म्हणजे?"

"कोठडीत. कालपासून. बाजारातल्या ठाण्यात."

थोरल्यानं मागे वळून बघितलं, आपल्यामागच्या माणसाबद्दल तर बोलत नाहीत ना म्हणून. "बाई, मी तुमच्यासमोर उभा आहे."

"ते दिसतंय मला. पण नोंद तशी आहे."

"मग नोंद चुकीची आहे."

"असेल. पण ती तिकडची आहे, मला पुसता येत नाही. आणि आत असलेल्या माणसाला बाहेरून चौकशी करता येत नाही." बाईंनी ओळखपत्र परत सरकवलं. बोलण्यात खरंच सहानुभूती होती, तिचाच त्याला जास्त राग आला. "पुढचे या."

कपाळावर हात मारून तो बाजूच्या बाकड्यावर बसला आणि तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. लायसन!

फिट येणाऱ्याला लायसन कोण देणार? बारक्यानं गाडीला हातच लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण धंद्यात गाडी मागे घे, पुढे घे, सावलीत लाव, असं दिवसभर चालूच असतं. दर वेळी थोरला कुठून येणार? म्हणून गल्लीतल्या गल्लीत बारक्या घ्यायचा. लायसन थोरल्याचं, पण ते असायचं गाडीत, आरशामागे खोचलेलं. गाडीत जो बसेल, लायसन त्याचं. इतकी वर्षं ते तिथेच होतं की त्यावर कुणाचं नाव आहे हे दोघेही विसरून गेले होते. फोटो थोरल्याच्या लग्नाआधीचा. त्या फोटोत तो बारक्यासारखा दिसायचा, आणि खरं सांगायचं तर कुणासारखाही दिसला असता.

बाजारातल्या ठाण्यात तो परत पोचला तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती. टेबलामागे हवालदार तेच आणि चष्माही तोच. या वेळी थोरल्यानं भावाचं म्हणून स्वतःचं नाव सांगितलं.

"हो, आहे ना," हवालदार रजिस्टर न उघडताच म्हणाले. "टेम्पोवाला. गावात एवढ्या भिंती, एवढे खांब, आणि यानं ठोकली ती नेमकी ट्रॅफिकची चौकी. चौकी आडवी झाली. नशीब, आतला शिपाई पान खायला गेला होता."

"मी सकाळी टेम्पोच म्हणालो होतो तुम्हाला."

"नाव दुसरं म्हणालात."

"आडनाव तेच होतं. वडिलांचं नाव तेच होतं. पत्ता तोच होता."

"एका आडनावाची माणसं काय कमी आहेत गावात? आम्ही पहिलं नाव बघतो." हवालदारांनी आता रजिस्टर उघडलं. "नातेवाइकाला कळवायचं म्हणून यानं धाकट्या भावाचा नंबर दिलाय. कालपासून लावतोय, लागत नाही. तुम्हीच ना ते?"

तो नंबर बारक्याचा स्वतःचाच होता, आणि तो फोन ठाण्याच्या कपाटात बंद होऊन पडला होता. थोरल्याला हसावं की रडावं कळेना.

"तुम्हीच असाल तर सोपं आहे," हवालदार पेन पुढे करत म्हणाले. "धाकटा भाऊ म्हणून इथे सही करा. उद्या कोर्टात उभा करतो, दंड होईल, माणूस आणि गाडी घेऊन जा. लायसनही परत मिळेल."

थोरल्यानं पेन घेतलं. सही करायची की झालं. बारक्याच्या जागी तो, त्याच्या जागी बारक्या. एका रात्रीचा प्रश्न, मग दोघे आपापल्या नावावर परत. टेम्पो वाचला, धंदा वाचला, घरची चूल वाचली.

"आणि हे औषध त्याला आत्ता द्यायचंय," त्यानं खिशातलं पाकीट काढलं.

"चिठ्ठी आहे?"

"आहे."

हवालदारांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून वाचली. "ही तर धाकट्याच्या, म्हणजे तुमच्या नावाची. आतल्याच्या नावाची हवी. दुसऱ्याचं औषध आत देता येत नाही, उद्या काही झालं तर माझी नोकरी जाईल. असं करा, उद्या सुटल्यावर द्या."

म्हणजे आजची रात्रही तशीच जाणार. आणि कोठडीतली फरशी मोरीपेक्षा मऊ नसते.

थोरल्यानं पेन खाली ठेवलं. सगळा दिवस तो ज्याच्या-त्याच्यावर ओरडत आला होता. आता आवाज अगदी खाली आला.

"आतला माणूस मी नाही. म्हणजे, लायसनवरचा माणूस मी आहे. आत आहे तो माझा धाकटा भाऊ. त्याला फिट येतात. कालपासून गोळी नाही त्याच्या पोटात. त्याला लायसन नाही, मिळणारही नाही, माझ्याच लायसनवर मी त्याला गाडी घ्यायला लावतो. चिठ्ठी त्याचीच आहे. आता द्या."

हवालदारांनी चष्मा काढला.

"सकाळीच सांगितलं असतंत तर?"

"सकाळी मलाच माहीत नव्हतं."

"आता हे सगळं खोडून पुन्हा लिहायचं. त्याच्यावर खोट्या नावाचं कलम वाढलं. आणि लायसन दिलंत म्हणून एक तुमच्यावर. लायसन तर गेलंच, समजा." ते उठले, माठातलं पाणी ग्लासात ओतलं आणि पाकिटातली एक गोळी तळहातावर काढली. "चला. साहेब संध्याकाळी येतात. तोपर्यंत तुम्हालाही आतच बसायचंय."

कोठडी टेबलामागच्या भिंतीपलीकडेच होती. सकाळी थोरला जिथे उभा राहून टेम्पोचा रंग सांगत होता, तिथून हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. बारक्या भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. थोरल्याला बघून तो उठायला गेला आणि थोरला म्हणाला, "बस. आधी गोळी घे."

त्यानं घेतली. ग्लास रिकामा केला. हवालदारांनी दार लावलं आणि ते आपल्या खोडाखोडीला निघून गेले.

"मूर्खा," थोरला म्हणाला, "माझं नाव कशाला सांगितलंस?"

"मी नाही सांगितलं. त्यांनी आरशामागचं लायसन काढलं आणि तेच वाचलं. मी फक्त नाही म्हणालो नाही."

"बरं, नाव राहू दे. गोळी मागायला काय झालं होतं? तोंड आहे ना एवढं मोठं?"

बारक्यानं रिकामा ग्लास बाजूला ठेवला. "गोळी मागितली असती तर आजार सांगावा लागला असता. आजार सांगितला असता तर तुझं लायसन गेलं असतं. म्हटलं, एक रात्र काढतो. भिंतीला टेकून बसलो म्हणजे पडलो तरी लागणार नाही."

थोरल्याला काहीतरी सणसणीत बोलायचं होतं. दिवसभर त्यानं ते साठवून ठेवलं होतं. पण तो बारक्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, भिंतीला टेकून बसला.

आत येताना बाहेर टेबलावर ठेवलेला थोरल्याचा फोन वाजला. हवालदारांनी तो उचलला, आणि भिंतीपलीकडून त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"हो बाई, सापडले. नाही, ते आता बोलू शकत नाहीत. दोघेही आत आहेत. हो, गोळी दिली."