फरशी बाकी आहे

विमान जमिनीला टेकलं तरी झुबेदा मोबाइलमधले फोटो पुसतच होती. फोटो बघायचा, अंगठा क्षणभर थांबवायचा, पुसायचा, पुढच्यावर जायचं. शेजारी तिचा नवरा वली सीटबेल्ट सोडायची घाई करत होता.

"सगळेच काढून टाकलेस तर सुलाला दाखवशील काय?" त्याने विचारलं.

"डोंगर."

डोंगर भरपूर होते. उतारावरून पायऱ्यापायऱ्यांनी वर चढणारी बटाट्याची शेतं होती, भर दुपारी गावात शिरणारं धुकं होतं, थंडी म्हणून खांद्यावरून लुंग्या गुंडाळून बसलेली पुरुषमंडळी होती, मशिदीचा पत्र्याचा घुमट होता. जावा बेटावरच्या त्या उंच गावाचे हे फोटो कुणालाही दाखवावेत असे होते. पुसायचे होते ते एका घराचे. पिवळा रंग, पुढे दोन खांब, आत चकचकीत फरशी. एका फोटोत त्या फरशीवर एक मूल रांगत होतं.

झुबेदा वाईट बाई नव्हती. हे आत्ताच सांगितलेलं बरं, नंतर कुणाचा विश्वास बसायचा नाही. दुबईत, करामातल्या त्यांच्या बिल्डिंगीत कुणाचं बाळंतपण असो की मयत, पहिला डबा तिच्या घरून जायचा. शाळेच्या ऑफिसातली नोकरी सांभाळून ती हे करायची. घरकामाला असलेल्या सुलास्त्रीला तिने कधी वेगळं ताट दिलं नाही, तिचा पासपोर्ट आपल्या कपाटात कोंडला नाही. सुलास्त्री आली तेव्हा यम्ना, झुबेदाची मुलगी, भिंतीला धरून चालत होती. आता ती कॉलेजात होती. वलीच्या आईला, हलिमाला, रत्नागिरीहून दुबईत आणलं ते सुलास्त्रीच्याच भरवशावर.

सुलास्त्रीच्या पगारातून तिकडे, जावातल्या तिच्या गावात, घर उभं राहत होतं. जमीन सासऱ्याची, पैसा तिचा, देखरेख नवऱ्याची. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. करामातल्या निम्म्या कोकणी लोकांनी गावाकडची घरं अशीच बांधली होती, फोनवर भांडत आणि फोटो बघत. सुलास्त्री दर दोन वर्षांनी रजेवर जाऊन एखादी भिंत बघून यायची. पण मागची रजा आली आणि नेमका हलिमाला अर्धांगाचा झटका आला. "जरा थांबतेस का ग?" झुबेदाने विचारलं होतं. सुलास्त्री थांबली. ते 'जरा' चार वर्षांचं झालं.

म्हणून या सुट्टीत वलीच्या दोस्ताने, खैरुद्दीनने, जकार्ताची तिकिटं स्वस्तात काढून दिली तेव्हा सुलास्त्रीने झुबेदाच्या बॅगेत एक जाडजूड मखमली ब्लँकेट कोंबलं. लाल गुलाबांचं. करामातल्या चार दुकानांतून हात फिरवून फिरवून तिने ते निवडलं होतं.

"आमच्या गावात लई थंडी, मॅडम. हा माझ्या बिस्तरवर टाकायचा." मग बॅगेची चेन ओढता ओढता ती म्हणाली, "वागिमन बोलतो फरशी बाकी. कधीपासून फरशीच बाकी. तुमी बगा. तुमी सांगाल ते मी मानणार. घर झाला असेल तर यंदा मी जाते, खलास. आपल्या घरात बसते."

"आणि झालं नसेल तर?"

"तर अजून दोन वर्स. व्हिसा करा माझा."

वागिमन म्हणजे तिचा नवरा. व्हिसा पुढच्या महिन्यात संपत होता.

जकार्ताहून ट्रेन, पुढे भाड्याची गाडी, असा तो प्रवास. वोनोसोबो शहर मागे पडलं तशी वळणं वाढत गेली आणि वलीने बॅगेतून मफलर काढला. "पाचगणीची थंडी काय घेऊन बसलीस," तो तिला चिडवत म्हणाला. ड्रायव्हरला कामापुरतं इंग्रजी येत होतं. गाव शांत होतं, इतकं की गाडीचं दार लावल्याचा आवाज समोरच्या डोंगरावर जाऊन परत आला. वागिमनने त्यांना हसतमुखाने घरात घेतलं, आणि बाहेरच्या खोलीतल्या नव्याकोऱ्या सोफ्यावर न बसवता थेट स्वयंपाकघरात चुलीपाशी नेलं. इथे पाहुण्याला आपलं मानलं की चुलीजवळ बसवतात, ड्रायव्हर म्हणाला. झुबेदाला ते फार आवडलं.

चुलीत लाकडं सरकवत एक तरुण मुलगी बसली होती. तिने चहा दिला, तळलेले बटाटे दिले. ही वागिमनची बहीण असणार असं झुबेदाने धरून चाललं. घर वहिनीचं असलं की नणंदच चुलीशी राबत असते, हा तिचा कोकणातला अनुभव. तिने ब्लँकेट काढून दिलं. मुलीने ते उलगडलं, गालाला लावलं आणि गुडघ्यांवर पसरलं. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून एक गुटगुटीत मूल रांगत आलं. पहिल्यांदा पाहिलेल्या बाळाच्या मुठीत काहीतरी ठेवल्याशिवाय झुबेदाला राहवत नाही, तिच्या आईचीच ती शिकवण. तिने पर्समधून नोट काढली, बाळाच्या मुठीत दिली, वर त्याच्या कपाळाची पापीही घेतली. मग ड्रायव्हरला विचारलं, "कुणाचं हे?"

वागिमनने हसून स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मुलीने मान खाली घातली.

ड्रायव्हरने पुढचं सगळं खालच्या आवाजात सांगितलं. ही दुसरी बायको. गावाला माहीत आहे. पहिलीला वागिमन स्वतः सांगणार आहे, ती परत आली की. आत्ता कळलं तर तिला उगाच त्रास होईल, तेव्हा पाहुण्यांनी कृपा करून बोलू नये.

झुबेदाला ते ब्लँकेट ओढून घ्यावंसं वाटलं. वीस वेळा हात फिरवून घेतलेलं ते ब्लँकेट, आणि त्याच्या गुलाबांवर आता मूल चढून बसलं होतं. तिच्या अंगाची लाही लाही झाली. फसवणूक तिचीच झाली होती जणू. तिच्याच पापीने, तिच्याच नोटेने. तरी तिने चहा संपवला. पाहुणी होती ना ती.

"घरी गेल्या गेल्या सांगणार मी तिला," गाडीत बसताच ती वलीला म्हणाली. "तोंडात पाणी घ्यायच्या आधी. एक पैसा जाऊ देणार नाही यापुढे त्या मेल्याला."

"सांग," वली म्हणाला. "सांगायलाच पाहिजे."

पण प्रवास लांबचा होता. डोंगर उतरेपर्यंत तिचा आवाज खाली आला. ट्रेनमध्ये ती गप्प होती. विमानतळावर यम्नाचा मेसेज आला, सुलास्त्री बाजारात गेली होती तेवढ्यात दादीला भरवायला गेले तर तिने माझ्या अंगावर घास थुंकला. झुबेदाने तो मेसेज वलीला दाखवला. त्याने वाचून फोन परत दिला.

आता सांगितलं तर ती आजच्या आज निघेल. आणि जाऊन करणार काय? जमीन सासऱ्याची. घर ती उचलून आणणार आहे का? त्यापेक्षा थोडे दिवस गेले, नीट वेळ बघून, जवळ बसवून सांगितलं, तर तिलाच पेलेल. आपली सोय दुसऱ्याच्या भल्यात गुंडाळायची कला बहुतेकांना येते, आणि झुबेदा तर हातात घेतलेलं कुठलंही काम नेटकं करणारी. विमान उतरायला लागलं तेव्हा तिने फोटो उघडले.

दार सुलास्त्रीनेच उघडलं. घरात सुरमईच्या कालवणाचा वास होता. तिने बॅगा आत घेतल्या, पाणी दिलं, वलीच्या चपला बाजूला लावल्या. काही विचारलं नाही. आधी हलिमाला नाश्ता भरवला, तिचं तोंड पुसलं, कूस बदलून दिली. मग हात धुऊन, ओढणीला पुसत ती येऊन झुबेदाच्या पायाशी खाली बसली. तिने ओढणी बदलली होती, हे झुबेदाच्या तेव्हा लक्षात आलं. जणू कुणी पाहुणे यायचे होते.

"अशी खाली का बसतेस? वर बस," झुबेदा म्हणाली.

"ठीक हाय, मॅडम. दाखवा."

झुबेदाने डोंगर दाखवले. सुलास्त्री प्रत्येक फोटो बोटांनी मोठा करून बघत होती. हे शेत अमक्याचं, ही मशीद नवी रंगवली, हा म्हातारा अजून हाय. यम्ना सोफ्यामागून वाकून बघत होती. फोटो संपले.

"मॉम, दॅट्स इट?" यम्ना म्हणाली. "यू वेंट ऑल द वे, आणि घराचा एकपण नाही?"

वलीने खुर्चीवरचा टॉवेल उचलला आणि तो बाथरूममध्ये गेला. लगेच नळ सोडल्याचा आवाज आला.

"धुकं होतं ग," झुबेदा म्हणाली. "काही येतच नव्हतं फोटोत."

"घर कसा हाय, मॅडम?"

"चांगलं आहे. मोठं आहे, हवेशीर आहे." झुबेदाने मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. वाटेत तिने बरंच काही ठरवून ठेवलं होतं. छप्पर गळतं म्हणायचं, नाहीतर विहिरीचं काहीतरी. प्रत्यक्षात तोंडातून वागिमनचंच वाक्य बाहेर पडलं. "पण फरशी बाकी आहे."

"पूरी?"

"पूरीच. स्वयंपाकघरपण व्हायचंय."

सुलास्त्री तिच्याकडे बघत राहिली. डोळ्याची पापणी न लववता. झुबेदाने नजर हलवली नाही. हलवली असती तर बरं झालं असतं.

"ब्लँकेट दिला?"

"दिलं."

"खूश झाला तो?"

"खूप." ब्लँकेटने कुणीतरी खूश झालं होतं, एवढं एक खरं होतं.

सुलास्त्रीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तिचे खांदे हलायला लागले. हिला कळलं, झुबेदाला वाटलं, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. तिने खाली वाकून तिच्या पाठीवर हात ठेवला. सुलास्त्रीने तोंडावरचे हात काढले. डोळे वाहत होते आणि ती हसत होती.

"अलहमदुलिल्ला," ती म्हणाली. उठली, आणि फोन घेऊन स्वयंपाकघराच्या बाल्कनीत गेली.

दार अर्धवट लोटलेलं होतं. ती तिच्या भाषेत भरभर बोलत होती, मध्येच नाक ओढत होती. झुबेदाला त्यातलं काही कळायची सोय नव्हती. एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता, आणि तो इकडे तिकडे सारखाच असतो. माफ. माफ. माफ.

परत आली तेव्हा सुलास्त्रीचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता.

"वागिमनची माफी मागितली, मॅडम."

"तू? तू कशाला माफी मागतेस त्याची?"

"मी त्याच्यावर शक केला." ती पुन्हा खाली बसली, या वेळी मांडी घालून, ऐसपैस. "मुर्नी हाय ना, माझी बहीण. रमजानपासून फोन करते. बोलते घर कधीच झाला, फरशी पण झाली. आत दुसरी बाई हाय. बच्चा हाय. तू पैसे पाठवू नको, तू ये, मी तुझ्यासाठी भांडते. मी बोलली, झूट. पण झोप नाय यायची, मॅडम. म्हणून तुमाला पाठवला. मी मुर्नीला बोलली, माझी मॅडम जाईल, ती बघेल, मग कळेल कोण खोटा बोलतो."

झुबेदाने मांडीवरचा मोबाइल घट्ट धरला. "तिला... काय सांगितलंस आता?"

"काय सांगायचा? ब्लॉक केला." सुलास्त्रीने अंगठा स्क्रीनवर दाबून दाखवला. "एका आईच्या पोटातली, आणि माझ्या घरावर जळते. पुन्हा तिचा तोंड नाय बघणार."

हीच वेळ होती. याहून स्पष्ट वेळ माणसाला मिळत नाही. झुबेदाला ते कळत होतं, अगदी लख्ख कळत होतं. मुर्नी खोटी नाही, एवढं एक वाक्य पुरे होतं. बाथरूमचा नळ बंद झाला. वली दार उघडून बाहेर आला, दोघींकडे बघून तिथेच उभा राहिला.

"सुला," आतून हलिमाने हाक मारली. "हय ये गो."

"आली, अम्मी." सुलास्त्री जमिनीवर हात टेकून उठली. "मॅडम, व्हिसाला फोटो लागेल ना? उद्या काढते. तुमी नसता गेला तर मी मुर्नीचाच खरा मानला असता."

ती आतल्या दारापर्यंत पोचली तेव्हा झुबेदा म्हणाली, "सुला, थांब."

सुलास्त्री वळली. यम्ना आईकडे बघत होती, वलीही.

"तू आज आराम कर जरा," झुबेदा म्हणाली. "अम्मींचं दुपारचं मी बघते. मी भरवते त्यांना."

"तुमच्या हातचा ती खात नाय, मॅडम," सुलास्त्री हसून म्हणाली आणि आत गेली.