काचेपलीकडचा दिवा

मावशीचं सगळं आयुष्य ऐकू न येणाऱ्यांसाठी गेलं, पण ती स्वतः कुणाचंच ऐकत नाही. हे मी तिला तोंडावर सुनावलंय. ती हसते आणि आपलंच खरं करते.

आई तिची थोरली बहीण. आईचे कान तरुणपणीच जायला लागले आणि मावशीने हट्टाने हाच विषय धरला: कॉक्लिअर इम्प्लांट. कानाच्या आत खोलवर बारीक तार, बाहेर यंत्र. तिची सुरुवातीची एक तार आईच्या उजव्या कानात गेली. त्या कानाचे निकाल मावशी परिषदांमधून अशी मिरवते, की पोटच्या पोरीचं कौतुकही कुणी इतकं करणार नाही.

डाव्या कानात अजून थोडं शिल्लक आहे. बाबांचा घोगरा आवाज तिथे पोचतो. ते मागून "अगं" म्हणाले की हातातलं काम टाकून आई वळते. आता मावशीला त्याही कानात तिची नवी तार घालायची होती. ऑपरेशन उद्यावर आलं होतं. उरलंसुरलं ऐकणं त्यात जाऊ शकतं, असं सर्जननी स्पष्ट सांगितलं होतं.

"गेलं तर गेलं," मावशी म्हणाली. "उजव्याने सगळं ऐकतेच ना ती? डावाही तसाच होईल."

मी नको म्हणाले. आई मात्र "तू म्हणशील तसं" म्हणून मोकळी झाली. धाकटीचा शब्द तिने कधी खाली पडू दिला नाही.

त्या दुपारी उजव्या कानाची शेवटची चाचणी होती. आई खुर्चीत, डाव्या कानात घट्ट बोळा. ओठ दिसू नयेत म्हणून मावशी तिच्या पाठीमागे उभी. मावशीने शब्द म्हणायचा, आईने तो परत म्हणायचा. समोर मोठी काच आणि काचेपलीकडच्या अंधाऱ्या खोलीत मी, स्पीकरवर ऐकत.

"बशी." "बशी." "दोरा." "दोरा."

आईचं काही चुकत नव्हतं. मला कंटाळा आला. पर्समधला चष्मा सापडेना, म्हणून मी दिवा लावला.

"खिडकी," मावशी म्हणाली.

आई चाचरत म्हणाली, "पाणी?"

"उशी."

"परत म्हण ना."

मावशीने यंत्र तपासलं, वायर हलवून पाहिली. काही बिघडलं नव्हतं. मी दिवा घालवला. आईचा चेहरा खुलला. पुढचे सगळे शब्द बरोबर. मी परत दिवा लावला, आणि आई परत अडखळली.

माझ्या बाजूला अंधार असला की काचेचा आरसा होत होता. आई ऐकत नव्हतीच. ती काचेत मावशीचे ओठ वाचत होती. इतकी वर्षं. बहिणीचं मन मोडू नये म्हणून.

मी दिवा घालवला आणि माईकचं बटण दाबलं. "मावशी, काचेत बघ. आईला तुझे ओठ दिसतायत."

मावशीने मान वर केली. बराच वेळ ती काचेकडे बघत राहिली. मग तिने तोंडावर हात धरला आणि म्हणाली, "ताई."

आई हसतमुखाने काचेत बघत होती. पुढच्या शब्दाची वाट बघत.

"ताई," मावशी जोरात म्हणाली. आई तशीच हसत राहिली.

मला वाटलं, आता मावशी रडेल. ती रडली नाही. हात तोंडावर तसाच ठेवून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "कुणाजवळ बोलू नकोस. पुढच्या महिन्यात परिषद आहे. उद्या सकाळी उपाशीपोटी आण तिला."

मला तिची भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदाच.

मी दिवा लावला. काचेतून मी दिसताच आईने विचारलं, "काय म्हणाली गं ती?"

मावशीही माझ्याकडेच बघत होती. बहिऱ्यांमध्ये जन्म घालवलेल्या माझ्या मावशीला ओठ वाचता येत नाहीत.

मी आवाज न काढता, सावकाश, नुसते ओठ हलवले. "ऑपरेशन नको म्हणाली. घरी जा म्हणाली."

आईने डाव्या कानातला बोळा काढला, पर्स उचलली आणि मागे वळून धाकटीच्या गालावरून हात फिरवला.