कोरड्या कडेचा गहू

"इथे बरंय बुवा, पायमोजे भिजत नाहीत," सकाळी गव्हाच्या वाफ्याशी मी डबा तिच्या हातात देत म्हणालो, आणि बायकोचा चेहरा उतरला.

काय बोलल्यावर ही चिडते ते मला इतक्या वर्षांत तोंडपाठ झालंय. पायमोजे त्यात नव्हते.

गव्हावरच्या तांबेरा रोगाशी भांडणं हीच तिची नोकरी. या वाणाचा त्या वाणाशी संकर करायचा, रोपांवर मुद्दाम रोग सोडायचा, लागला ती उपटायची, तगली त्यांचं बी राखायचं. सवत फक्त बायकांनाच असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या घरी येऊन पाहावं. या सगळ्या खटाटोपातून शेवटी एक वाण हाती लागला होता. बाकीच्या वाफ्यांतली पानं तांबडी होऊन करपायची आणि हा आपला हिरवागार. ऑफिसात सगळे त्याला 'बाईंचा लाडका' म्हणायचे. या हंगामानंतर ती निवृत्त होणार होती आणि लाडका शेतकऱ्यांकडे जाणार होता.

"तिकडे भिजले का हो तुमचे?" तिने विचारलं.

"चिंब! दव केवढं पडलंय."

ती वाकली. लाडक्याची पानं चाचपली. कोरडी ठाक होती.

"इथे ऊन आधी येतं," ती हळूच म्हणाली. "तांबेऱ्याला ओलं पान लागतं. कोरड्यावर तो रुजतच नाही. बाकीच्या वाफ्यांच्या जागा आम्ही दरवर्षी चिठ्ठ्या टाकून ठरवतो. हा एकटाच मी इथे पेरत आले. येता-जाता दिसतो म्हणून."

"मग काय बिघडलं? निरोगी आहे ना?"

"निरोगी आहे, की रोग त्याला कधी भेटलाच नाही?"

हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, राहू दे, असं मी म्हणून पाहिलं. त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी रिकामी पिशवी उचलून घरी आलो.

त्याच संध्याकाळी तिने वाफ्यावर पाणी शिंपडलं, पानांवर तांबेऱ्याची भुकटी स्वतः फवारली आणि सकाळपर्यंत प्लास्टिकने झाकून ठेवलं. पंधरवडाभर घरात गव्हाचं नाव निघालं नाही. मग एक दिवस तिचा फोन आला. "मोठी पोती घेऊन या."

वाफ्यात एक पान धड नव्हतं. नुसता हात लावला तरी बोटांना तांबडी पूड लागत होती.

"मी पायमोज्यांचं बोललोच नसतो तर?"

"तर हे लोकांच्या शेतात कळलं असतं." ती वाफ्यात उतरली. "धरा पोतं. नीट धरा."

मी धरलं. ती एकेक रोप उपटू लागली. सगळी जाळायचीच होती, तरी पोत्यात टाकण्याआधी ती प्रत्येकाच्या मुळांची माती हलक्या हाताने झटकत होती.