मऊ रबराचा चिमटा

मी एक जुनी उंदरीण आहे. जुनी म्हणजे वर्षभराची. हसू नका मित्रांनो, आमच्यात एवढ्यात आजी होतात! माझ्या अंगावर केस नाहीत आणि अंगात रोगाशी लढायची ताकदही नाही. आमची जात मुद्दाम अशी वाढवतात, म्हणजे आमच्या कातडीखाली माणसाच्या आजाराची गाठ रुजवून तिच्यावर औषध करून पाहता येतं. मी आणि माझी बहीण प्रयोगाच्या पुढच्या खेपेसाठी राखून ठेवलेल्या. ती खेप काही आली नाही.

एकदा प्रयोगशाळा बघायला आलेल्या बाई मला पाहून किंचाळल्याच, "अगं बाई, ही तर सोललेली!"

"जन्मली तशीच आहे ती. नावं ठेवू नका," मावशी फणकारली.

मावशी म्हणजे आमचे पिंजरे बदलणारी. तिचा आमच्यावर भारी जीव. उचलायचा लोखंडी चिमटा आम्हाला बोचतो, म्हणून तिने त्याच्या टोकांवर रबरी नळीचे तुकडे चढवले. काय बरं वाटलं म्हणून सांगू! प्रत्येक पिंजऱ्यानंतर ती तो चिमटा जंतुनाशकात बुडवायची, अगदी न चुकता.

पण रबराच्या आत ते पाणी कुठलं जायला? तिथे एक जंतू दडून बसला. तुमच्या हातावर, नाकात तो खुशाल राहतो. तुम्हाला पत्ताही नसतो. आमची मात्र त्याने दैना केली. आधी डोळ्यापाशी फोड, मग पाठीवर, मग पू. हा पिंजरा झाला की शेजारचा. माझा एक डोळा आता उघडतच नाही. बहीण तेवढी स्वच्छ राहिली. मी तिला जवळ फिरकू देत नव्हते, चावायचेसुद्धा.

आज आम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी चिमट्याचं रबर ओढून काढलं. आतला चिकट थर मावशीने जवळ जाऊन पाहिला.

"बाई, यांच्या भल्यासाठीच केलं हो मी."

"माहीत आहे मला. पण आता एकीलाही जिवंत ठेवता येणार नाही."

"हिच्या बहिणीला तरी ठेवा. बघा ना, एक फोड नाही अंगावर!"

"आज नाही. उद्या उठला आणि जंतू शेजारच्या खोलीत गेला, तर?"

मावशीने आमचा पिंजरा जवळ ओढला. म्हणाली, "मग परक्या हातांनी नको. मीच करते."

मित्रांनो, मावशीवर रागावू नका. दुबळ्यावर माया करताना जाणत्याला आधी विचारा, एवढंच मागणं. आम्हाला आता त्याचा काही उपयोग नाही. उद्या सकाळी आमची पाळी.

बहीण आत्ता माझ्या कुशीत शिरली आहे. मी तिला हाकललं नाही.