फाटलेला आवाज शिवता येत नाही

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्डर आहे. तळहाताएवढा, काळा, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. मला मोबाइल समजू नका. त्याला शंभर कामं असतात. मला एकच आहे, ऐकायचं आणि जपून ठेवायचं.

माझ्या कुशीला एक लहान चाक आहे. त्याला गेन म्हणतात. येणारा आवाज मी किती उचलून घ्यायचा, हे त्यावर ठरतं. चाक कमी ठेवलं तर माणूस विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो. जास्त ठेवलं तर पडद्यावरची पट्टी टोकाला आदळते, लाल दिवा लागतो आणि आवाज फाटतो. फाटलेला कपडा शिवता येतो, आवाज नाही.

कारखान्यातून निघालो तो एका बातमीदार बाईंच्या हाती पडलो. "याचा कान तिखट आहे," असं त्या चारचौघांत सांगत आणि मी फुशारून जाई. मग त्या निवृत्त झाल्या आणि माझी रवानगी खणात झाली. पोटातल्या बॅटऱ्या तशाच राहून पाझरल्या. मला गंज चढला, आणि रागही आला, खोटं कशाला बोलू?

एके दिवशी त्यांची भाची आली. तिने कापसाच्या बोळ्याने माझा गंज पुसला. तिचे बाबा पोहायला शिकवत. तलावाच्या एका टोकाला उभे राहून ते दुसऱ्या टोकाच्या मुलांना हाका मारत. शिट्टीची त्यांना कधी गरजच पडली नाही. आता त्यांच्या घशात गाठ निघाली होती आणि दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आवाज राहील, पण हाच राहील असं नाही. लेकीला ते लहानपणापासून बेडकी म्हणत. तिला त्यांची ती तलावावरची हाक हवी होती.

दुपारी तिच्या घरी स्वयंपाकघरात मला टेबलावर ठेवलं. फ्रिजची घरघर नको म्हणून तो बंद केला.

"बाबा, आधी नुसतं काहीतरी बोला. मी गेन लावते."

एवढा दणदणीत माणूस, पण माझ्यासमोर बसताच नव्या नवऱ्यासारखा लाजला. "एक... दोन... तीन," असं पुटपुटला. लेकीने चाक बरंच वाढवलं. मग बाबांनी छाती भरून हाक मारली. लाल दिवा लागला. तिने कानाला हेडफोन लावला आणि तिचा चेहरा उतरला. हाकेच्या चिंध्या झाल्या होत्या.

बाबा खोकत होते. आई म्हणाली, "आता फक्त एकदाच हं. डॉक्टरांनी घसा ताणू नका म्हटलंय."

लेकीने आत्याला, म्हणजे माझ्या जुन्या बातमीदार बाईंना, फोन लावला. आत्या म्हणाली, "अगं, चाचणीत माणूस नेहमी हळूच बोलतो. त्याचा मोठ्यात मोठा आवाज आधी ऐकायचा आणि मग चाक लावायचं."

"पण तो आवाज तर एकदाच मिळणार आहे, आत्या."

मग आईच हसली. "तुझा आवाज कोणावर गेलाय? शेजारी अजून टोमणे मारतात. बस बाबांच्या जागी."

खाण तशी माती, मित्रांनो. लेक बाबांच्या खुर्चीत बसली आणि असा आवाज काढला की कपाटातल्या ताटल्या वाजल्या. आई पट्टीकडे बघत चाक मागे घेत गेली. पट्टी टोकाच्या बरीच खाली राहू लागली, तेव्हा तिने हात काढला.

बाबा बसले. "बेडके! पाय मार, पाय!"

पट्टी चढली, टोकाच्या अलीकडे थांबली. दिवा लागला नाही. ती हाक मी अख्खी घेतली. डोळे पुसायला मला हात नाहीत, म्हणून बरं.

शस्त्रक्रिया नीट झाली. पण आवाज बारीक, घोगरा झाला. बाबा लाजून बोलेनात. काही दिवसांनी लेकीने मला त्यांच्या अगदी ओठांजवळ धरलं आणि चाक इतकं वाढवलं की मला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकही ऐकू येऊ लागली.

"बोला बाबा. जोर लावू नका, तो याला लावू दे."

"बेडके," ते कुजबुजले, "पाय मार."

मित्रांनो, मला खणात टाकाल तेव्हा माझ्या बॅटऱ्या तेवढ्या काढून ठेवा. आणि ज्याचा आवाज बारीक झालाय, त्याच्या जवळ सरका. माझ्याकडे आता बाबांच्या दोन्ही हाका आहेत. लेक रोज ऐकते ती दुसरी.